रेकचे कोड आणि डब्यांचे नंबर (सोलापूर)

रेक म्हणजे एकमेकांना जोडून एकत्र फिरवला जाणारा डब्यांचा संच, इंजिन त्यात धरत नाहीत. गाडी वेगळी आणि रेक वेगळा, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. सिद्धेश्वर एक्सप्रेस ही गाडी झाली, मुंबईहून येताना १२११५ आणि सोलापूरहून जाताना १२११६, पण ती दोन्ही टोकांहून रोज रात्री सुटते म्हणजे तिला कमीत कमी दोन रेक लागणारच, एक इकडून निघालेला आणि एक तिकडून. हुतात्मा एक्सप्रेसचं तसं नाही, ती सकाळी पुण्याला जाते आणि संध्याकाळी परत येते म्हणून एका रेकवर भागू शकतं. गाडीचा नंबर टाइमटेबलचा असतो, त्यावरून आज कुठला रेक लागलाय हे कळत नाही.

गाडीच्या नंबराचं थोडक्यात. २० डिसेंबर २०१० पासून सगळे नंबर पाच आकडी झाले. पहिला आकडा १ किंवा २ असेल तर लांब पल्ल्याची गाडी, ५ म्हणजे पॅसेंजर, ६ मेमू म्हणजे विजेवर चालणारी कमी पल्ल्याची गाडी, ७ डेमू म्हणजे तशीच डिझेलवरची, ९ मुंबईची लोकल आणि ० म्हणजे स्पेशल. आषाढीला पंढरपूरसाठी ज्या जादा गाड्या सोडतात त्यांचे नंबर शून्याने सुरू होतात ते यामुळेच. बहुतेक सुपरफास्टला दुसरा आकडा २, सिद्धेश्वर आणि हुतात्मा दोन्हीत तो दिसेल.

आता डबा. एकाच डब्याला दोन ओळखी असतात. तिकिटावर जे बी२, एस४, डी१ छापून येतं ती त्या दिवसाच्या त्या गाडीतली जागा: एच फर्स्ट एसी, ए टू टियर, बी थ्री टियर, एम थ्री टियर इकॉनॉमी, एस स्लीपर, सी एसी चेअर कार, ई एक्झिक्युटिव्ह, डी साधं सिटिंग. हा शाळेतला हजेरी नंबर समजा, वर्ग बदलला की तोही बदलतो. तोच डबा पुढच्या फेरीला बी३ म्हणून लागू शकतो, काही बिघाड निघाला तर यार्डात तो काढून दुसरा लावतात आणि त्यालाच बी२ ची पाटी मिळते. खरा नंबर बाजूच्या पत्र्यावर रंगवलेला असतो, झोनच्या अक्षरांसोबत, आपल्याकडे मध्य रेल्वेचा सीआर. हा डब्याबरोबर राहतो. गाडीत सामान राहिलं, पंखा बंद आहे, नळाला पाणी नाही, अशी तक्रार रेल्वेच्या हेल्पलाइनला १३९ वर करताना पीएनआरसोबत हा नंबरही सांगितला तर फायदाच होतो, रेक दुसऱ्या गाडीला लागून पुढे गेला तरी डबा सापडतो. लोक मात्र तो बघतच नाहीत, पाटीचा फोटो काढतात आणि चढतात.

पाच आकडी नंबरात पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष. उरलेले तीन आकडे डब्याचा प्रकार सांगतात, म्हणजे ढोबळ ००१ ते ०२५ फर्स्ट एसी, ०५१ ते १०० टू टियर, १०१ ते १५० थ्री टियर, १५१ ते २०० एसी चेअर कार, २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल, ६०१ ते ७०० सेकंड सिटिंग, ७०१ ते ८०० गार्ड आणि सामानाचा डबा, त्यापुढे पँट्री म्हणजे स्वयंपाकाचा डबा, जनरेटर वगैरे. समजा १५२३४ दिसला तर २०१५ चा स्लीपर. डबे वाढत गेले तसे नंबर अपुरे पडले आणि आता नवीन डब्यांवर सहा आकडे दिसतात, पण पहिले दोन वर्षाचेच. वर्ष बघायची हौस असेल तर स्पेशल गाडीइतकी मजा दुसरीकडे नाही, मिळतील तिथून डबे गोळा करून रेक केलेला असतो, एक डबा नवाकोरा आणि शेजारचा पार म्हातारा.

नंबराजवळ इंग्रजी अक्षरांची एक लांबट भानगड असते, ती डब्याची जात. डब्ल्यू-जी-एस-सी-एन घ्या: डब्ल्यू म्हणजे वेस्टिब्यूल, आतून एका डब्यातून दुसऱ्यात जाता येतं, जी म्हणजे चाकाच्या अॅक्सलवरून पट्ट्याने अल्टरनेटर फिरवून स्वतःची वीज स्वतः करणारा, एस सेकंड क्लास आणि सीएन थ्री टियर झोपायचा. सुरुवातीला एल आला, जसं एल-डब्ल्यू-एस-सी-एन, की तो एलएचबी, मूळ जर्मन डिझाइनचा, आणि त्यात जी नाही कारण त्याला वीज जनरेटर कारमधून किंवा थेट इंजिनातून मिळते. एसी असेल तर मध्ये एसी येतं, सीडब्ल्यू टू टियर, सीझेड चेअर कार, सीबी पँट्री. आणि इथे एक सापळा आहे, इंजिनाच्या कोडमधला पहिला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डब्यावरचा डब्ल्यू म्हणजे वेस्टिब्यूल, दोघांचा काही संबंध नाही. इंजिनांत मीटरगेजला वाय आणि अडीच फुटी नॅरोगेजला झेड. आपल्या कुर्डुवाडीवरून जाणारी बार्शी लाइट रेल्वे, १८९७ ला सुरू झालेली, याच अडीच फुटी मापाची होती, आता तीही ब्रॉडगेज आहे.

एल आहे की नाही याला खरं महत्त्व आहे. जुना आयसीएफ डबा, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या पद्धतीचा, स्क्रू कपलिंगचा आणि एलएचबी सेंटर बफर कपलरचा, डबे जोडायच्या या दोन वेगळ्या पद्धती, म्हणून दोघे सरळ एकमेकांना जोडता येत नाहीत, म्हणून रेक बदलायचा तर अख्खाच बदलतात. एलएचबी डबा जवळपास दोन मीटरने जास्त लांब, त्यामुळे स्लीपरमध्ये ७२ ऐवजी ८० बर्थ आणि थ्री टियरमध्ये ६४ ऐवजी ७२, पण रेक साधारण २४ ऐवजी २२ डब्यांचा. म्हणजे गाडीचं नाव तेच, वेळ तीच आणि वेटिंगचं गणित वेगळं. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याने जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा २०१८ मध्ये काढला.

डब्याच्या टोकाच्या भिंतीकडे, म्हणजे दोन डब्यांच्या मधल्या बाजूला, फारसं कोणी जात नाही, पण तिथे डब्याचं घर लिहिलेलं असतं, म्हणजे देखभाल करणारा डेपो, शिवाय मोठी दुरुस्ती कुठल्या वर्कशॉपला कधी झाली आणि परत कधी पाठवायचा ती तारीख. डेपोसाठी बहुतेक स्टेशनचाच कोड वापरतात, सोलापूर एस-यू-आर, पंढरपूर पी-व्ही-आर, कुर्डुवाडी के-डब्ल्यू-व्ही. बघायचं तर प्लॅटफॉर्मवरूनच बघा, रुळावर उतरू नका. शेवटच्या डब्यावरचं मोठं एक्स आणि एलव्हीची, म्हणजे लास्ट व्हेइकलची, पाटी मात्र लांबूनही दिसते, पूर्ण गाडी आली, मागे काही सुटलं नाही हे स्टेशनवाल्यांना कळावं म्हणून.

वंदे भारतला यातलं बरंच लागू होत नाही. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर सुरू झाली तेव्हा १६ डबे होते आणि वेगळं इंजिन नाहीच, चार-चार डब्यांची युनिटं, निम्म्या डब्यांखाली मोटर. इथे कोड पडतात डीटीसी म्हणजे ड्रायव्हरची केबिन असलेला टोकाचा डबा, एमसी मोटर कोच, टीसी ट्रेलर कोच. मधला एखादा डबा उपटून दुसरा लावायची सोय इथे नाही, त्यामुळे देखभालीतही डब्याआधी सेट धरतात.

मालगाडीच्या वाघिणीला ११ आकडे: दोन प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन वर्षाचे, चार तिचे स्वतःचे आणि शेवटचा नंबर बरोबर आहे का तपासायचा. वय झालेले आयसीएफ डबेही कधीकधी मालगाडीत येतात, खिडक्या बंद करून, टोकाला दार काढून, आत नव्या मोटारी भरून, आणि तेव्हा त्यांच्यावर कोड असतो एन-एम-जी.