वचनमनन (नागपूर)

वचनमनन : बायबलमधला एखादा उतारा, कधी एकच वचन, रोज वाचायचे, ते दिवसभर मनात घोळवायचे आणि त्याला धरून आपले वागणे तपासायचे, अशी ख्रिस्ती लोकांतली प्रथा. मराठी मंडळ्यांत (म्हणजे चर्चच्या समाजांत) तिला नुसते ‘मनन’ म्हणतात. घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून केले तर ती ‘घरची प्रार्थना’ किंवा ‘कौटुंबिक उपासना’. नागपुरात सदर, मोहननगर, मेकोसाबाग, जरीपटका या भागांतल्या ख्रिस्ती घरांत ही प्रथा आजही पाळली जाते. कुठे ती सकाळी चहाआधी असते, कुठे रात्रीची जेवणे आटोपल्यावर.

शब्दापासून सुरुवात केलेली बरी. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या पहिल्याच स्तोत्रात, परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हटले आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द ‘हागा’. त्याचा अर्थ पुटपुटणे, तोंडातल्या तोंडात म्हणत राहणे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात हाच शब्द शिकारीवर बसून गुरगुरणाऱ्या सिंहासाठी (३१:४) आणि घुमणाऱ्या पारव्यासाठी (३८:१४) वापरला आहे. म्हणजे हिब्रू मनन ऐकू येते. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी घेतलेला ‘मनन’ हा शब्द मात्र श्रवण, मनन, निदिध्यास या आपल्या जुन्या परंपरेतला. ऐकलेले बुद्धीने तपासून घेणे हा त्याचा तिथला अर्थ. मराठी ख्रिस्ती माणसाच्या मननात त्यामुळे दोन्ही आले, ओठांचे पुटपुटणे आणि बुद्धीचे तपासणे. माझ्या मते नागपूरच्या घरांत पहिल्याचेच पारडे जड आहे. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी आज्यांना तेविसावे आणि एकशे एकविसावे स्तोत्र तोंडपाठ असायचे, आणि भांडी घासताना, तांदूळ निवडताना ते त्यांच्या ओठांवर चालू असायचे.

घरच्या उपासनेचा पाया बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. या आज्ञा मुलाबाळांच्या मनावर बिंबव, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोल, असे मोशे तिथे इस्राएलाला सांगतो. त्या यादीत मंदिर नाही. घर आहे, रस्ता आहे, अंथरूण आहे.

पुढच्या ख्रिस्ती इतिहासात या प्रथेला दोन वळणे मिळाली. मठांमध्ये ‘पवित्र वाचन’ रुजले. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या, कार्थुसियन पंथातल्या संन्याशाने त्याच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. प्रॉटेस्टंट लोकांनी तेच घराघरांत नेले. स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ मध्ये कौटुंबिक उपासनेचे नियम मंजूर केले. जर्मनीतल्या मोरेव्हियन मंडळीने १७३१ पासून वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकेक वचन देणारी पुस्तिका छापायला घेतली. आज आपल्याकडे भिंतीवर टांगलेली वचनांची कॅलेंडरे दिसतात, ती त्याच रीतीतली.

नागपुरात ही दोन्ही वळणे एकाच शतकात येऊन पोचली. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले. भूगर्भशास्त्र हा त्यांचा दुसरा ध्यास. नागपूरच्या आसपासचे खडक आणि जीवाश्म त्यांनी मोठ्या निगुतीने तपासले. ‘हिस्लॉपाइट’ हे खनिज त्यांच्याच नावाचे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या पाण्यात त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ चे. शास्त्रवचन आणि दगड हे दोन्ही एकाच हाताचे लिखाण आहे, अशा श्रद्धेने जगलेला हा माणूस नागपूरच्या ख्रिस्ती जीवनाच्या उगमाशी उभा आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

कॅथलिक धारा आली ती फ्रान्सकडच्या आनसी गावातल्या, संत फ्रान्सिस द सेल्सच्या मिशनऱ्यांबरोबर. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि सदरमधले कॅथीड्रल याच संताच्या नावाचे आहे. हा केवळ नामकरणाचा भाग नव्हे. फ्रान्सिसने १६०९ मध्ये भक्तिजीवनावर जे पुस्तक लिहिले, ते संन्याशांसाठी नव्हते. सैनिक, कारागीर, राजदरबारी, संसारी बायका यांना आपापल्या जागी राहून भक्ती करता येते, हेच त्याला सांगायचे होते. मनन कसे संपवावे हेही त्याने लिहून ठेवले आहे. बागेत फिरून आलेला माणूस चार फुले सोबत घेऊन निघतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो, तसे मननातून आवडलेले दोनचार विचार बरोबर न्यावेत. सकाळी माळलेला मोगऱ्याचा गजरा रात्रीपर्यंत घर दरवळत ठेवतो, हे ठाऊक असलेल्या नागपूरकराला यावर टीपा लागत नाहीत.

मराठी ख्रिस्ती साहित्यातल्या सर्वांत प्रसिद्ध मननाचा आरंभही नागपूरच्या गाडीत झाला. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्याकडे काम करीत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांच्या गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. टिळक वाचत गेले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांची भजने आज ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत, आणि घरच्या प्रार्थनेत वाचनाआधी एखादे गीत म्हणायचे ते बहुधा त्यातलेच.

प्रत्यक्ष रीत साधी आहे. सतरंजी किंवा पलंग, मध्ये बायबल. एक गीत, एका अध्यायाचे वाचन (मुलांनी दोनदोन ओव्या आळीपाळीने वाचायच्या, बायबलमधल्या वाक्यांना अनेक घरांत अजून ‘ओवी’च म्हणतात), मग घरातले वडीलधारे चार शब्द बोलतात. त्यानंतर एकेकाची प्रार्थना. आजारी शेजारी, दहावीची परीक्षा, अडकलेली बदली, सगळ्यांची नावे तीत येतात. शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, सगळे मिळून. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही बायबले असतात, आणि आईची प्रार्थना एका भाषेत तर वडिलांची दुसऱ्या, असेही चालते.

मेकोसाबागेतल्या एका घरी मे महिन्यात पाहिलेला प्रसंग इथे नोंदवतो. पारा पंचेचाळिसावर. मुलगा दुपारच्या पाळीला बुटीबोरीच्या कारखान्यात निघालेला, गाडी सुरू करून दारात उभा. आजी आतून आली. “थांब रे. कांदा ठेवला का खिशात?” मग त्याचा दुपट्टा तिने स्वतःच्या हाताने डोक्याला घट्ट बांधला, आणि गाठ मारता मारता म्हणाली, “दिवसा तुला सूर्याची, रात्री चंद्राची बाधा होणार नाही.” मुलगा “आमेन” म्हणून निघून गेला. एकशे एकविसावे स्तोत्र यरुशलेमेच्या वाटेवरच्या यात्रेकरूंचे. उन्हाची भीती काय असते हे ते लिहिणाऱ्याला माहीत होते, आणि त्या आजीलाही. कांदा आणि स्तोत्र यांत तिला काही विरोध दिसत नव्हता. वचन पाठ असले म्हणून तिने दुपट्टा सैल सोडला नाही. याकोबाच्या पत्रात वचन केवळ ऐकणारे होऊ नका, आचरणारे व्हा, असे सांगितले आहे (१:२२). मी त्याचे इतके चांगले स्पष्टीकरण कुठल्या प्रवचनात ऐकलेले नाही.

प्रभूच्या प्रार्थनेतली ‘रोजची भाकर’ हाही असाच मननाचा विषय. ‘रोजची’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो इतका दुर्मिळ आहे, की त्याचा अर्थ ‘आजची’, ‘उद्याची’ की ‘गरजेपुरती’ यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. मराठीत तो ‘रोजची’ झाला आणि अन्न झाले ‘भाकर’. नागपूरच्या शहरी ताटात आता पोळी आणि भात. पण ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणताना पोळी खाणाऱ्यालाही चुलीपुढे ज्वारीची भाकर थापणारी कुणीतरी आठवते. प्रभुभोजनातही ‘भाकर मोडणे’ हाच शब्द आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात ही ओळ अलंकार उरत नाही. तिथे खरोखर आजच्यापुरतेच मागितले जाते.

मंडळ्यांमधले भेद या प्रथेत जवळजवळ विरघळतात. सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) स्थापन झाले ते नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. त्या ऐक्यातून अमेरिकी परंपरेतले मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. मेकोसाबाग हे नावच त्यांच्या जुन्या इंग्रजी नावाच्या अक्षरांतून आलेले. तरी कुणाच्या घरी मयत झाली, की तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला कॅथलिक, मेथडिस्ट, सी.एन.आय. सगळे एकाच सतरंजीवर बसतात. योहानाचा चौदावा अध्याय वाचला जातो : तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ देऊ नका. शेजारच्या गल्लीतले बौद्ध आणि सिंधी शेजारी दारात चपला काढून मागे बसतात.

प्रथेला कीडही लागते. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचे वचन म्हणून चिठ्ठी काढतात. ती आनंदाने काढावी, जपावी. पण चिठ्ठीत आशीर्वाद निघाला की वर्ष चांगले आणि ताडन निघाले की वाईट, असे म्हणू लागलो तर वचनाचे भविष्य झाले. मागचापुढचा अध्याय न वाचता एक ओवी तोडून घेणे, ही खोट त्यामागे असते. दुसरी अडचण भाषेची. इंग्रजी शाळेतल्या मुलांना मोबाइलवरचे इंग्रजी बायबल सोपे जाते आणि मराठीतले ‘उणे पडणार नाही’ अडते. यावर एका घरात चांगला तोडगा निघाला होता. अध्याय मुलाने इंग्रजीत वाचायचा आणि आजीने त्यातली एक ओवी मराठीत पाठ म्हणायची. सहा महिन्यांत मुलगाच आजीच्या आधी म्हणू लागला.

जुन्या घरांतल्या बायबलच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मरण यांच्या नोंदी असतात. पहिल्या नोंदी टाकाच्या, तपकिरी पडलेल्या शाईत. मग निळी शाई, मग बॉलपेन. अशा एका बायबलमध्ये तेविसाव्या स्तोत्राच्या पानाचा खालचा कोपरा पार झिजून गोल झालेला मी पाहिला, आणि त्यावर हळदीच्या बोटांचा डाग होता.