क्रेन, साखळी आणि स्लिंगची सुरक्षित भारमर्यादा: तपासणी, पात्रता व कागदपत्रे

क्रेन, विंच (दोर गुंडाळून भार ओढणारे यंत्र), चेन पुली, साखळी, वायर रोप, स्लिंग (भाराला बांधून हुकाला अडकवायचा दोर, पट्टा किंवा साखळी), हुक किंवा शॅकल (यू-आकाराची जोडकडी) यांवर किती वजन घ्यावे, हे कायद्याने चालवणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेले नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 ने असा दंडक घातला की, प्रत्येक साधनावर सुरक्षित भारमर्यादा व ओळखखूण स्पष्ट दिसावी, तिची नोंदवहीत नोंद असावी आणि चाचणीचा प्रसंग वगळता त्या मर्यादेपलीकडे भार देऊ नये. साधनावर खूण करणे शक्य नसेल, तर भारमर्यादेचा तक्ता ठळक जागी लावावा लागे.

या अधिनियमानुसार या साधनांची 12 महिन्यांतून किमान एकदा, तर कलम 28 खालील हॉइस्ट (माल वर-खाली नेणारा पाळणा) व लिफ्टची 6 महिन्यांतून किमान एकदा, सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करून घ्यावी लागे. शिक्षण, अनुभव आणि हाताशी असलेली चाचणीची साधने पाहून मुख्य निरीक्षकांनी मान्यता दिलेली व्यक्ती किंवा संस्थाच येथे पात्र ठरत असे. कारखान्यातील फिटर कितीही जाणता असला, तरी अशा मान्यतेशिवाय त्याची सही चालत नसे. म्हणून काम सोपवण्यापूर्वी मान्यतापत्र मागावे आणि ते कोणत्या कलमासाठी व कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे वाचून घ्यावे.

तपासणीच्या दिवशी उत्पादकाचे चाचणी प्रमाणपत्र, ओळखक्रमांकांसह साधनांची यादी, मागील अहवाल, दुरुस्तीच्या नोंदी आणि नोंदवही तयार ठेवावी. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीची संहिता, 2020 ही कारखाने अधिनियमाच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असल्याने, महाराष्ट्रातील कारखान्यांनी अहवालाचा चालू नमुना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून पडताळून घ्यावा.

कागदपत्रे पूर्ण असूनही स्लिंगच्या कोनाकडे दुर्लक्ष झाल्यास घात होऊ शकतो. 2 टन वजन स्लिंगच्या दोन उभ्या पदरांनी (हुकापासून भारापर्यंतच्या दोरांनी) उचलल्यास प्रत्येक पदरावर 1 टन ताण येतो. पदर आडव्या रेषेशी 60 अंशांत असतील तर तो सुमारे 1.15 टन, 45 अंशांत 1.41 टन आणि 30 अंशांत थेट 2 टन होतो. एकेरी उभ्या उचलीसाठी दिलेला आकडा तिरप्या पदरांना तसाच लावता येत नसल्यामुळे, भिंतीवरील तक्त्यात या कोनांचे रकाने आवर्जून असावेत आणि ते स्लिंग बांधणाऱ्या कामगाराला समजतील अशा मराठीत लिहिलेले असावेत.