दुसरी नोकरी की जोडधंदा?

हिंजवडीतल्या आयटी पार्कातली दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एक जण रात्री नऊनंतर बाहेरच्या एका कंपनीचं कोडिंग करतो आणि तासांच्या हिशोबाने बिल लावतो. दुसरी एप्रिल-मेमध्ये देवगडहून हापूसच्या पेट्या मागवते, गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते, दिवाळीआधी फराळाच्या. सोसायटीत दोघांचंही कौतुक एकाच शब्दांत होतं: "नोकरी सांभाळून बिझनेस करतात हो!" पहिल्याचा बिझनेस नाहीच. ती दुसरी नोकरी आहे, फक्त पीएफ आणि रजा नसलेली.

म्हणून ती कमी दर्जाची ठरत नाही. उलट घराचा हप्ता फेडायचा असेल तर तीच बरी, कारण तास भरले की पैसे येतात. भांडवल लागत नाही. क्लायंटने बिल बुडवलं तर महिनाभराची मेहनत जाते, खिशातले पैसे जात नाहीत.

आंब्याचं तसं नाही. बागायतदाराला पैसे आधी पोचवावे लागतात. पेट्या येतात त्या कच्च्या फळांच्या. पेंढ्यात अढी लावून फळ पिकेपर्यंत घराच्या एका खोलीत पाय ठेवायला जागा नसते, आणि रोज उलथून पिकलेलं फळ वेगळं काढावं लागतं. त्यात साका. बाहेरून केशरी, सुरकुती धरलेलं, वासाला फर्स्टक्लास फळ कापलं की आत पांढरट, चोथ्यासारखं निघतं. वरून ओळखायला मार्ग नाही. गिऱ्हाईक फोटो पाठवतं, आपण निमूट फळ बदलून द्यायचं. एखाद्या वर्षी अवकाळी पावसाने मोहोर गळला की माल कमी, भाव चढा, आणि जुन्या भावाने घेतलेल्या ऑर्डरी मात्र पाळायच्या. (आयटीत अप्रेझलही बहुतेक याच दिवसांत असतं, हा वेगळा ताप.) पण चार हंगाम नीट काढले तर हातात काहीतरी राहतं: भरवशाचा बागायतदार आणि न विचारता पेटी मागणारी गिऱ्हाइकं. कोडिंगवाल्याने लॅपटॉप मिटला की त्याच्याकडे मागे उरत नाही असं काही.

अर्थात विकायला वस्तू आहे म्हणून धंदा झाला असंही नाही. तीच बाई ऋषिपंचमीपर्यंत रात्र रात्र स्वतःच मोदक वळत बसली, तर तीही तासच विकते आहे. फराळात ती चकल्या-करंज्या बचत गटाच्या बायकांकडून करून घेते आणि स्वतः ऑर्डर, पॅकिंग, कुरिअर बघते. तो धंदा.

एकापेक्षा जास्त उद्योग एकदम चालवायचे म्हटल्यावर हा फरक फार महाग पडतो. तीन क्लायंट म्हणजे तीन साहेब, आणि तिघांनाही काम शुक्रवारीच हवं असतं. आंबा, मोदक, फराळ मात्र दिसायला तीन; गिऱ्हाइकांची यादी एक, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप एक, हंगाम वेगवेगळे. उद्योग किती ते मालावरून मोजू नये, गिऱ्हाइकांच्या गोतावळ्यांवरून मोजावेत. आंब्यासोबत टी-शर्ट छपाई आणि एखादं अ‍ॅप असं धरलं की तीन गोतावळे झाले. नोकरी सांभाळून तेवढं झेपणारं माणूस माझ्या तरी बघण्यात नाही.

कंपनीला यातलं काय खुपतं? २०२२ मध्ये विप्रोने सुमारे ३०० जणांना काढलं, ते त्याच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत असल्याचं सांगून. त्याच वर्षी स्विगीने मात्र काही अटींवर बाहेरचं काम करू देण्याचं धोरण आणलं. म्हणजे सगळा मामला नेमणूकपत्रातल्या कलमावर येतो. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याची अट न्यायालयात टिकते, हे १९६७ च्या गोलिकरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. तो वाद कल्याणजवळच्या रेयॉन कारखान्यातल्या सुपरवायझरचाच होता. आंब्याची पेटी सहसा कोणत्याच आयटी कंपनीशी स्पर्धा करत नाही. तरी काही करारांत 'इतर कोणताही व्यवसाय' असे शब्द असतात, तेव्हा एचआरला आधी ईमेल टाकून लेखी होकार घ्यावा. तोंडी होकाराला काही अर्थ नाही.

प्राप्तिकर खात्याची नजर बघण्यासारखी आहे. अंदाजित उत्पन्नाच्या सोप्या पद्धतीत तांत्रिक सल्लागाराच्या एक लाखाच्या जमेतले निदान ५० हजार उत्पन्न धरतात. आंब्यासारख्या व्यापारात पैसे बँकेतून आले असतील तर लाखाला सहा हजार, रोखीने आले तर आठ हजार. तास विकणाऱ्याला खर्च कमी, हे कायद्यानेही गृहीत धरलंय. दोघांनाही पगारदारांचा साधा विवरणपत्राचा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही. आणि ज्यांना वाटतं की धंद्यातला तोटा दाखवून पगारावरचा कर वाचवू, त्यांनी ते विसरावं: धंद्याचा तोटा पगारातून वजा होत नाही. विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण धंद्याच्याच नफ्यातून वळता करायला.

सरकारी नोकरीत मात्र या सगळ्या बारकाव्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे पूर्वपरवानगीशिवाय दुसरी नोकरीही नाही आणि व्यापारही नाही. "बायकोच्या नावावर करतो" ही पळवाटही अर्धीच आहे. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत कुटुंबातलं कोणी धंदा करत असेल तर ते सरकारला कळवावं लागतं, आणि बायकोच्या विमा एजन्सीसाठी ऑफिसात पॉलिसी गळ्यात मारत फिरणं हासुद्धा नियमभंगच धरला जातो.