सोलापुरातून सिनेमा शिकायचा तर: थोडी पार्श्वभूमी

आपल्याकडं बारावी झालेलं पोरगं डायरेक्टर व्हायचंय म्हणालं की दोनच सल्ले मिळतात, एकतर पुण्याला एफटीआयआय (सिनेमा आणि टीव्ही शिकवणारी सरकारी संस्था) नाहीतर मुंबईत जाऊन कुणाचा तरी असिस्टंट हो. गंमत अशी की हे दोन्ही रस्ते मागं जाऊन एकाच ठिकाणी मिळतात.

आधी शाळा-बिळा काही नव्हतंच. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती, कॅमेरासुद्धा त्यांनी घरचाच बनवलेला, आणि शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी तिथं पडेल ते काम करत शिकली. मग १९२९ ला बाहेर पडून त्यांनी प्रभात ही स्वतःची फिल्म कंपनी काढली, १९३३ ला ती पुण्यात आली, आणि पुढची पोरं तिथं शिकायला लागली, गुरुदत्त पण त्यातलेच. म्हणजे आज ज्याला असिस्टंटगिरी म्हणतात ती हीच लाईन.

स्वातंत्र्यानंतर एस. के. पाटील समितीनं १९५१ च्या अहवालात सिनेमा शिकवायला संस्था पाहिजे असं सांगितलं. तोवर प्रभात डबघाईला आलेली, ती बंद पडली आणि सरकारनं १९६० ला त्याच जागेत, त्याच स्टुडिओत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली, तीच आजची एफटीआयआय. टीव्हीचं ट्रेनिंग जोडलं गेलं ते १९७४ ला.

पण आपल्या जिल्ह्यातली मोठी नावं बघा, यातल्या एकाही रस्त्यानं सरळ गेलेली नाहीत. जब्बार पटेल पुण्यात डॉक्टरकी शिकले, लहान मुलांचे डॉक्टर झाले आणि नाटकाच्या नादातून सिनेमात आले. नट अतुल कुलकर्णी नाटक करत दिल्लीच्या एनएसडीत, म्हणजे नॅशनल स्कूल ऑफ ड्रामात पोचले. करमाळ्याकडच्या जेऊरचे नागराज मंजुळे तर आधी मराठीत एमए, मग नगरच्या कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीजला, आणि तिथं कोर्सचा भाग म्हणून केलेल्या 'पिस्तुल्या' या शॉर्टफिल्मला थेट नॅशनल अवॉर्ड! मला तर हाच तिसरा रस्ता आपल्या पोरांना जास्त जवळचा वाटतो, कारण यात घरच्यांशी भांडण कमी होतं.

आणि एक, एफटीआयआयच्या डायरेक्शनच्या ३ वर्षांच्या कोर्सला ग्रॅज्युएशन लागतंच, शाखा कुठलीही चालते. त्यामुळं इथल्याच वालचंद कॉलेजला बीएससी कर नाहीतर संगमेश्वर कॉलेजला बीए, ती तीन वर्षं वाया जात नाहीत, फक्त तेवढ्यात एकांकिका आणि मोबाईलवरचं शूटिंग सोडू नको.