तुळशीची सावली दक्षिणेला पडते तेव्हा

गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरापुढचं तुळशीवृंदावन चार फूट उंच आहे. एक वर्ष मी त्याची भर दुपारची सावली खडूने अंगणात आखत गेलो. २१ डिसेंबरला ती उत्तरेकडे सव्वातीन फूट लांब होती. पुढे ती रोज थोडी थोडी आखडत गेली आणि ३ मेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, पार नाहीशी झाली. वृंदावनाच्या चारही बाजूंना नुसतं ऊन. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी घटकाभर ढग फाटले, तेव्हा धावत जाऊन पाहिलं: सावली परत आली होती, साडेसहा इंचांची, पण दक्षिणेला!

साडेबारा का, बारा का नाही? आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि गोवा ७४ अंशांच्या आसपास. मधले साडेआठ अंश फिरायला पृथ्वीला सुमारे ३४ मिनिटं लागतात, तेवढा आपला मध्यान्ह उशिरा.

ऋतूंचं सगळं गणित या सावलीत आहे. अजूनही पुष्कळ जण सांगतात की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. प्रत्यक्षात ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटींवर. आपण पहाटे पांघरूण ओढून घेतो, तेव्हाच सूर्य आपल्या सर्वांत जवळ असतो.

खरं कारण आहे पृथ्वीच्या आसाचा कल. हा आस २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर त्याचं टोक ध्रुवताऱ्याच्या दिशेलाच रोखलेलं राहतं. त्यामुळे सूर्याभोवती फिरताना जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध. झुकलेल्या बाजूला दिवस मोठा होतो आणि किरण जास्त सरळ पडतात.

सरळ पडण्याचं महत्त्व भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं वाळवणाऱ्या बायकांना कोणी शिकवावं लागत नाही. मे महिन्यात एक चौरस फूट जाडीचा उन्हाचा झोत अंगणातल्या एका चौरस फुटावरच पडतो. डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य ५१ अंशांवरच असतो, तेव्हा तोच झोत जवळजवळ १.३ चौरस फुटांवर पसरतो आणि पातळ होतो. लंडनमध्ये त्या दिवशी तो जवळपास चौपट जागेवर पसरलेला असतो. आपला हिवाळा सौम्य का आणि त्यांचा बोचरा का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. दुसरं अर्धं दिवसाच्या लांबीत आहे. आपला सर्वांत लहान दिवस सव्वाअकरा तासांचा, सर्वांत मोठा तेरा तासांचा, म्हणजे फरक पावणेदोन तासांचाच.

इथवर सगळं शाळेच्या पुस्तकासारखं आहे. पण गोव्यात राहणाऱ्याला त्यापुढचा प्रश्न पडायला हवा. जूनमध्ये सूर्य मध्यान्ही ८२ अंशांवर, दिवस वर्षातला सर्वांत मोठा, मग जून मेपेक्षा थंड कसा?

२४ जूनचा सांजाव आठवा. डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून पोरं तुडुंब विहिरीत उड्या मारतात. हे सेंट जॉनचं फेस्त नाताळच्या सहा महिने आधी येतं, उत्तर गोलार्धातल्या सर्वांत मोठ्या दिवसाला अगदी लागून. त्याच तारखेला पोर्तुगालमध्ये कोरडा उन्हाळा असतो, सुमारे पंधरा तासांचा दिवस, आणि रात्री लोक शेकोट्यांवरून उड्या मारतात. ब्राझीलमध्येही शेकोट्या पेटतात, पण तिथे तेव्हा हिवाळा नुकता लागलेला असतो. सण एक, सूर्य एक, ऋतू तीन. ब्राझील विषुववृत्ताच्या पलीकडे, म्हणून त्याचा ऋतू उलटा. पण पोर्तुगाल आणि गोवा दोन्ही उत्तरेचेच, तरी एकीकडे कोरडं ऊन आणि दुसरीकडे मुसळधार. एवढा फरक कल एकटा करू शकत नाही. त्याला जमीन, समुद्र आणि वारा यांची साथ लागते.

मार्चपासून सूर्य उत्तरेला सरकतो तशी आशियाची जमीन भराभर तापते. समुद्र तापायला वेळ घेतो, कारण पाण्यात उष्णता पुष्कळ मावते आणि लाटा ती खोलवर ढवळतात. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते, दाब उतरतो आणि दक्षिण हिंदी महासागरावरचे वारे विषुववृत्त ओलांडून इकडे ओढले जातात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून ते उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून, अरबी समुद्राची वाफ घेऊन, आपल्याकडे येतात. जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या या फरकावर खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलेने १६८६ मध्येच बोट ठेवलं होतं. वाऱ्याला पुढे सह्याद्री आडवा येतो. हवा वर चढते, थंड होते, ढग फुटतात. म्हणूनच किनाऱ्यावरच्या पणजीपेक्षा सह्याद्रीजवळच्या वाळपईला जास्त पाऊस. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला.

पोर्तुगालवर याच काळात अटलांटिकवरचा जास्त दाबाचा पट्टा सरकतो. तिथे हवा खाली बसते, मग ढग धरायचे कसे?

म्हणजे आपल्याकडे सूर्य जेव्हा सर्वांत जास्त द्यायला तयार असतो, तेव्हा त्यानेच ओढून आणलेले ढग मध्ये येतात. मला ही गोष्ट विलक्षण सुंदर वाटते. आपला खरा उन्हाळा म्हणूनच एप्रिल-मेमध्ये आटोपतो. तोवर मानकुराद आंबा उतरलेला असतो, काजू संपत आलेला असतो आणि पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, बाजारात सुकी मासळी आणि मिरच्या घेणाऱ्यांची झुंबड असते.

जाता जाता संक्रांतीबद्दल. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला, १४ जानेवारीला नव्हे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं. त्यामुळे ताऱ्यांवर बेतलेली संक्रांत सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस या गतीने खऱ्या उत्तरायणापासून दूर सरकते आहे. सुमारे १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत.

सूर्य परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा आपल्या डोक्यावर येतो, १० ऑगस्टच्या सुमारास, दुपारी बारा चाळीसच्या आसपास. मी त्या दिवशी छत्री घेऊन अंगणात उभा होतो. वृंदावनावरून पाणी निथळत होतं, चिऱ्यांवर हिरवं शेवाळ चढलं होतं आणि ढग काही हटले नाहीत. ते हटले आठवडाभराने. तेव्हा सावली उत्तरेला पडलेली होती, जेमतेम दोन बोटं लांब.