नरकासुर एवढा मोठा आणि कृष्ण एवढुसा का?

नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात पणजी, मडगाव, फोंडा, म्हापसा, कुठेही चक्कर मारा, नरकासुराचा पुतळा दोन-तीन माणसांच्या उंचीचा, लाल डोळे, बाहेर आलेले सुळे, वाड्यावरच्या पोरांनी रात्री जागवून केलेला, आणि ज्याने त्याला मारायचं तो कृष्ण म्हणजे कुठेतरी कोपऱ्यात बाहुलीएवढा नायतर निळा रंग फासलेला एखादा बारका पोरगा, झोपेने पेंगणारा. दरवर्षी कोणीतरी ओरडतंच की राक्षसाचं कसलं हे कौतुक. डीजेच्या आवाजावरून ओरडा, मी पण येतो, पण राक्षसाकडे लक्ष जाणं हा पोरांचा दोष नाही, आपलं डोकंच तसं चालतं.

1944 मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या दोघांनी एक छोटीशी फिल्म दाखवली. त्यात माणूस नाही, चेहरा नाही, नुसते एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक गोल, आणि दार असलेली एक चौकट. ते इकडेतिकडे सरकतात, बस. मग 34 मुलींना विचारलं काय दिसलं ते लिहा, तर फक्त एकीने भूमितीच्या भाषेत लिहिलं, बाकीच्यांनी चक्क गोष्ट लिहिली, त्यात मोठा त्रिकोण दांडगट आणि बाकी दोघे त्याच्या तावडीतून सुटायला बघतायत. म्हणजे कोण कोणाच्या वाटेत येतो एवढं दिसलं तरी नायक आणि खलनायक आपोआप तयार. संवाद लागत नाहीत, मेकअप लागत नाही.

मग ही खोड जन्मापासूनच का? 2007 मध्ये येल युनिव्हर्सिटीत बाळांना एक खेळ दाखवला, डोळे लावलेला ठोकळा टेकडी चढतोय, एक जण त्याला वर ढकलतो, दुसरा खाली लोटतो. सहा आणि दहा महिन्यांच्या बहुतेक बाळांनी नंतर मदत करणाऱ्यालाच हात घातला. लय गाजला हा प्रयोग. पण अलीकडे 37 लॅब्सनी मिळून 500 हून जास्त बाळांवर तोच करून बघितला तर जवळपास अर्धी इकडे, अर्धी तिकडे! त्यामुळे 'बाळाला पण चांगलं-वाईट कळतं' असं छातीठोक सांगणारा व्हिडिओ फॉरवर्ड करायच्या आधी जरा थांबा.

मोठ्यांचं मात्र बऱ्यापैकी माहीत आहे. डॉल्फ झिलमन नावाच्या संशोधकाची मांडणी अशी, की प्रेक्षक पात्रांची वागणूक सतत तोलत बसतो, जो आवडला त्याचं भलं व्हावं आणि नावडत्याची जिरावी असं त्याला वाटायला लागतं, आणि शेवटी तसं झालं की मजा येते. म्हणून शत्रू जेवढा तगडा तेवढी धाकधूक जास्त आणि शेवटचं सुख पण जास्त. कृष्णाने एखाद्या किरकोळ चोराला मारलं असतं तर त्यासाठी पहाटे कोण उठलं असतं? आणि एकदा बाजू ठरली की आपण न्यायाधीश राहत नाही, नायकाने फसवलं तर ती युक्ती आणि राक्षसाने फसवलं तर कपट.

दिसण्याची लबाडी वेगळीच. 2017 मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोग डॉक्टरांनी हॉलिवूडचे टॉप 10 खलनायक तपासले, तर सहा जणांच्या त्वचेवर किंवा केसांत काहीतरी बिघाड, टक्कल, व्रण, चामखीळ, डोळ्यांखाली काळं. ह्यात बिचाऱ्या टकलूंचा काय गुन्हा?

आणि तरी खलनायक आवडतोच. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन लाखांवर लोकांच्या आवडीची माहिती तपासली होती, त्यात दिसलं की जो खलनायक स्वभावाने आपल्यासारखा असतो त्याच्याकडे आपण जास्त ओढले जातो. खऱ्या आयुष्यात असा वाईट माणूस आपल्यासारखा निघाला तर उलट कसंतरीच होतं, पण गोष्टीत तो धोका नाही, स्वतःचा राग आणि हाव लांबून बघता येते. दशावतारी नाटकात काळ्या कपड्यातला संकासुर, वेद चोरणारा, विष्णूच्या हातून मरणारच हे पोराटोरांना पण ठाऊक असतं, तरी तो मांडावर आला की पेंगणारे पण सरळ होऊन बसतात.