जंगल राखायचं, म्हणून पेटवायचं

शिकागोच्या नैऋत्येला रेड गेट वुड्स नावाचं जंगल आहे. लोक तिथे डबे घेऊन जातात, सायकली फिरवतात. आत एका मोकळ्या जागी गवतात चौकोनी दगड रोवलेला दिसतो. त्यावर कोरलंय: सावधान, खणू नका. १९४३ ते १९४९ या काळातल्या अणुसंशोधनातले किरणोत्सारी पदार्थ इथे पुरलेले आहेत. आणि शेवटी, येणाऱ्यांना काही धोका नाही.

हे जंगल कुक कौंटीच्या सार्वजनिक वनराखीव क्षेत्रात येतं. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. या जिल्ह्याने शिकागो शहराच्या भोवती जवळपास ७० हजार एकर जमीन राखून ठेवली आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या अडीचपटीहून जास्त, आणि कौंटीच्या एकूण जमिनीच्या सुमारे ११ टक्के.

कल्पना वास्तुविशारद ड्वाइट पर्किन्स आणि उद्यानरचनाकार येन्स येन्सन यांची. येन्सन डेन्मार्कहून आलेला, शिकागोच्या बागांमध्ये मजूर म्हणून लागलेला माणूस. दोघांनी १९०४ साली भोवतालची रानं हिंडून अहवाल तयार केला: शहर वाढतंय, नदीकाठची ही रानं आत्ताच विकत घ्या. कायदा व्हायला १९१३ उजाडलं, १९१४ मध्ये मतदारांनी कौल दिला आणि १९१६ साली डीअर ग्रोव्हची पहिली खरेदी झाली. कायद्यातलं उद्दिष्ट असं: ही रानं शक्यतो ‘नैसर्गिक स्थितीत’ राखायची आणि पूर्ववत करायची, लोकांच्या शिक्षणासाठी आणि आनंदासाठी.

नैसर्गिक स्थिती म्हणजे नेमकी कधीची, हे कायद्यात नव्हतं. पुढची साठेक वर्षं तिचा सोपा अर्थ लावला गेला: कुंपण घाला, आग विझवा, हात लावू नका.

अणुभट्टीला मात्र हात लावू दिला, ही गंमतच. जगातली पहिली अणुभट्टी खरं तर याच रानात बांधायची होती. कामगारांच्या संपामुळे इमारत रखडली, म्हणून ती शिकागो विद्यापीठाच्या स्टेडियमखाली उभारली गेली आणि २ डिसेंबर १९४२ रोजी चालू झाली. काही महिन्यांत ती उकलून ग्रॅफाइटच्या विटांसकट रानात आणली, पुन्हा रचली. १९४४ मध्ये शेजारी जड पाण्याची भट्टी आली. दोन्ही १९५४ साली बंद पडल्या आणि त्यांचे अवशेष तिथेच मोठ्या खड्ड्यात पुरले. पुढे १९७३ मध्ये जवळच्या हातपंपांच्या पाण्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, सापडलं. प्रमाण पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेखालीच होतं.

रानाचा घात मात्र वेगळीच गोष्ट करत होती. इथले विस्तीर्ण फांद्यांचे ओक मोकळ्या गवतात वाढलेले, कारण इथले मूळ रहिवासी पोटावाटोमी लोक वर्षानुवर्षं हा प्रदेश मुद्दाम पेटवत आले होते. १८३३ च्या तहानंतर त्यांना इथून जावं लागलं आणि आगही थांबली. मग सावली माजली. युरोपातून कुंपणासाठी आणलेलं बकथॉर्न नावाचं झुडूप रानात घुसलं, आपल्याकडे शोभेसाठी आणलेली घाणेरी जशी डोंगरभर पसरली तसं. त्याला पानं लवकर फुटतात आणि उशिरापर्यंत टिकतात. त्याच्या गर्द सावलीत ओकचं रोप तग धरत नाही. म्हातारे ओक उभे, त्यांच्याखाली एकही पोर नाही, असं ते ‘जपलेलं’ जंगल.

जाडजूड, बुचासारख्या सालीमुळे मोठा बर ओक (ओकचाच एक प्रकार) आगीत तगतो. प्रेअरी म्हणजे इथली मूळ गवताळ माळरानं; त्या गवताचे वाढीचे कोंब मातीत सुरक्षित असतात आणि मुळं दोन-तीन मीटर खोल. जळून काळी पडलेली जमीन वसंतात लवकर तापते, त्यामुळे गवत झपाट्याने वर येतं. पातळ सालीची झुडपं मात्र होरपळतात.

१९७७ पासून स्टीव्ह पॅकार्ड आणि काही स्वयंसेवक शिकागो नदीच्या उत्तर फाट्यालगत सुट्टीच्या दिवशी झुडपं तोडू लागले, गवत पेटवू लागले. पेरायला मूळ प्रेअरीचं बियाणं ठरावीक जागीच मिळे: रेल्वेरुळांच्या कडेला, जुन्या दफनभूमीत, जिथे नांगर कधी फिरलाच नव्हता. इलिनॉयला ‘प्रेअरीचं राज्य’ म्हणतात, पण मूळ प्रेअरी तिथे हजारात एक भागसुद्धा उरलेली नाही. (आपल्याकडची माळरानंही सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणूनच लिहिली गेली आणि झाडं लावून ‘सुधारली’ गेली.)

१९९६ साली रहिवासी खवळले. हिरवीगार झाडं तोडता, धूर करता, याला संवर्धन म्हणायचं? कौंटीने काम थांबवलं. मला रहिवाशांचा राग समजतो. शहरातल्या माणसाला झाड म्हणजे पुण्य, मग ते कुठलंही असो. बंदी हळूहळू, तुकड्यातुकड्याने उठत गेली.

आता वारा आणि हवेतली आर्द्रता जमून आलेल्या दिवशी पथक येतं. आधी वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूची कड जाळून पट्टा काळा करतात, मग उरलेल्या गवताला आग देतात. ज्वाळा सरसरत पुढे जाते, पट्ट्याशी येऊन विझते. बर ओकच्या बुंध्याला वीतभर काजळी लागते, तेवढीच.